इतिवृत्तातली दुरुस्ती

खोलीत पंखा होता, वीज नव्हती.
एप्रिलची दुपार, सोलापूर,
टेबलावरची काचसुद्धा कोपर ठेवू देईना.
तीन सदस्य, एक डॉक्टर,
आणि कोपऱ्यात मी, वही उघडून.

सत्तय्या बोद्दूल ओरडत नव्हता.
हे मला ठाऊक होतं, त्यांना नव्हतं.
सव्वीस वर्षं यंत्रमागांच्या मधोमध उभा राहिलेला माणूस
स्वतःला ऐकू येईल एवढंच बोलतो.
मी लिहिलं, 'पालक चढ्या आवाजात'.
मग 'चढ्या' खोडलं. 'आवाजात' एकटंच उरलं,
तेही खोडलं.

मुलगी बाहेर बाकावर. स्रवंती, वय दहा.
डाव्या गुडघ्याच्या वर, हाडात गाठ.
डॉक्टर म्हणाले, आत्ता पाय काढला तर मुलगी राहील,
महिन्याने आलात तर मला विचारू नका.
गाडीची वेळ सांगावी तसं सांगितलं त्यांनी,
आणि डोळे दोन रात्री न झोपलेले.
दोन्ही लिहून घेता येत नाही. मी वेळ लिहिली.

बाप सांगत होता, अक्कलकोट रस्त्याला एक जण
पाल्याचा लेप देतो, गाठ बसते.
आई काहीच सांगत नव्हती.
तिची बोटं मांडीवर रिकामीच वळत होती,
पान नाही, तंबाखू नाही, दोरा नाही,
तरी संध्याकाळच्या आत हजार भरायचेत अशी.

"मा पाप," तो म्हणाला. "मा पाप, मॅडम."
अध्यक्षबाईंनी चष्मा काढला.
"पाय कापणं पाप आहे म्हणतो का हा?"
दुसरे सदस्य म्हणाले, "धार्मिक कारण. तसं नोंदवा."
आणि माझं पेन तसं नोंदवू लागलं.

साखर पेठेत आमच्या भिंतीला भिंत लागून तेलुगू होती.
मीठ मागायला मी त्या भाषेत शिकले,
शिव्या तर आधीच.
बैठकीत बोलायचा मला अधिकार नाही.
म्हणाले, "मॅडम, त्यांच्यात पाप म्हणजे लेक.
आमची पोर, आमची पोर, एवढंच म्हणतायत ते."

मग कुणी कुणाकडे पाहिलं नाही.
डॉक्टरांनी फाईल बंद केली, पुन्हा उघडली.

आदेश बदलला नाही.
बदलू नये असंच मला वाटत होतं, हेही लिहून ठेवते,
वहीत त्याला रकाना नाही.
माझ्या भावाला कावीळ झाली
तेव्हा मनगटावर डाग देऊन आणलं होतं.
आमच्या दारात कुठलंच सरकार आलं नाही.
वडिलांचा हक्क शाबूत राहिला.

तरी 'ताबा' लिहिताना हात अडला.
ताबा गाळ्याचा असतो, जप्तीतल्या मागाचा असतो.
'शस्त्रक्रियेपुरता बालकाचा ताबा समितीकडे.'
समिती म्हणजे बंद पंख्याखाली घामेजलेली आम्ही माणसं.
बापाची सही असते त्या जागी शिक्का मारला.
शाई कमी होती. दोनदा मारावा लागला.

बाहेर आले तर तिने विचारलं,
शाळेत शिकवतात तसल्या नीट मराठीत,
"काढलेला पाय कुठे ठेवतात?"
आत तिला कुणी काही विचारलंच नव्हतं.
म्हटलं, विचारून सांगते.
अजून विचारलेलं नाही.

जानेवारीत, गड्ड्याच्या जत्रेच्या आठवड्यात,
ती अहवालासाठी आली.
कार्यालय पहिल्या मजल्यावर, लिफ्ट नाही.
आधी कुबड्या, मग ती,
मागे बाप, दोन्ही हात पुढे धरून, न शिवता.
"पाप!" जिन्यात तो गरजला. "नेम्मदिगा!"
दाखल्यांच्या रांगेतला एक म्हातारा दचकून वळला,
त्यालाच कुणी पकडल्यासारखा.
ती वळली नाही.
"वस्तुन्ना, नान्ना," म्हणाली,
आणि मोठ्याने, मराठीत,
"अकरा."